बिझनेस क्लासचं राउंड द वर्ल्ड तिकीट: शहरं नंतर, आधी सुरुवात कुठून ते ठरवा

राउंड द वर्ल्ड तिकीट, म्हणजे एकाच तिकिटावर बरीच उड्डाणं घेत जगाला फेरी मारायचं तिकीट, काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात, इथे जाऊ तिथे जाऊ करत पंधरा शहरं काढतात, मग शेवटी भाव बघतात आणि डोळे पांढरे होतात. बिझनेस क्लास असेल तर विचारूच नका. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी तिकीट कुठल्या देशातून सुरू करायचं ते बघा, मग लांबची, रात्रभराची उड्डाणं बसवा, आणि शहरं सगळ्यात शेवटी. पैसे वसूल होतात की नाही ते इथेच ठरतं.

देशाचं एवढं काय? तर तीच विमानं, त्याच सीट्स, तोच रूट, पण भाडं प्रत्येक देशासाठी वेगळं लावलेलं असतं आणि फरक किरकोळ नसतो, कधी कधी एका देशातून जेवढ्यात इकॉनॉमीचं येतं त्याच्या आसपास दुसरीकडून बिझनेसचं मिळून जातं. टोकियो, ओस्लो, कैरो, जोहान्सबर्ग ही नावं या विषयात सारखी येतात ती उगाच नाही. यात चलनाचाही मोठा हात असतो. जपानचं भाडं येनमध्ये असतं, आणि 2022 नंतर येन जसा घसरत गेला तसं बाहेरून येणाऱ्याला तिथून सुरू होणारं तिकीट आपोआप स्वस्त पडायला लागलं. पण हे कायमचं नसतं, एअरलाईन्स भाडी सुधारतात, चलन फिरतं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, तीन-चार देश टाकून त्या दिवशीचा भाव स्वतः बघा. आणि ज्या देशातून सुरू केलं तिथेच तिकीट संपवावं लागतं, म्हणजे तिथवर जायचं-यायचं तिकीट वेगळं धरा. ते धरूनही फायदा उरत असेल तरच पुढे जा. त्या वेगळ्या तिकिटात आणि पहिल्या उड्डाणात एक-दोन दिवस मोकळे ठेवाच, कारण तुमचं विमान लेट झालं तर पुढची एअरलाईन जबाबदार नसते, आणि पहिलंच उड्डाण चुकलं तर पुढचं सगळं तिकीट रद्द होऊ शकतं.

मुख्य पर्याय दोन, दोन्ही एअरलाईन्सच्या युतींचे, वनवर्ल्ड आणि स्टार अलायन्स. वनवर्ल्ड एक्सप्लोरर हे खंडांवर चालतं, तीन ते सहा खंड, बिझनेसचे फेअर कोड (भाड्याच्या प्रकाराची खूण) DONE3, DONE4 असे, आकडा खंडांचा. स्टार अलायन्सचं मैलांवर चालतं, 29,000, 34,000, 39,000 असे टप्पे. दोन्हीकडे जास्तीत जास्त 16 उड्डाणं आणि एक वर्षाची मुदत, शिवाय अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, एकाच दिशेने. हा 16 चा आकडा कागदी तिकिटांच्या काळातला, एका तिकिटात चार कूपन, एका उड्डाणाला एक, आणि अशी चार तिकिटं जोडता यायची. लांब लांब उड्या मारायच्या असतील तर वनवर्ल्ड, कारण मैल मोजले जात नाहीत. कमी अंतरात गोल फिरायचं असेल तर स्टार बघा. तिथे मधला टप्पा तुम्ही रेल्वेने किंवा दुसऱ्या तिकिटावर केलात तरी त्याचे मैल तुमच्या तिकिटाच्या मैलांच्या मर्यादेत मोजले जातात, आणि वनवर्ल्डमध्ये असा टप्पा 16 पैकी एक खातो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

नुसतं बोलण्यापेक्षा एक रूट मांडतो. टोकियो–सिंगापूर, सिंगापूर–कोलंबो, कोलंबो–दोहा, दोहा–अथेन्स, अथेन्स–माद्रिद, माद्रिद–न्यूयॉर्क, न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस, लॉस एंजेलिस–होनोलुलू, होनोलुलू–टोकियो. नऊ उड्डाणं, आणि खंड फक्त तीन! कारण वनवर्ल्डच्या हिशोबात दोहा युरोप-मध्यपूर्व या एकाच खंडात येतं, आणि हवाई उत्तर अमेरिकेत. इजिप्त, मोरोक्कोसुद्धा युरोपातच धरतात, म्हणजे कैरो बघायचं म्हणून आफ्रिकेचे पैसे भरायची गरज नाही. आता यात सिडनी टाकलं की चौथा खंड लागतो आणि भाडं वरच्या पायरीला जातं. पण लॉस एंजेलिस–सिडनी हे पंधरा तासांचं उड्डाण झोपून जायला मिळतं, वेगळं काढलं तर तेवढ्या एका उड्डाणालाच डोळ्यात पाणी येतं, त्यामुळे खंड वाढवायचा तर असा वाढवावा, दोन तासांच्या फुटकळ उड्डाणांसाठी नाही. दक्षिण अमेरिकेचं मात्र दोनदा बघा, लाटाम ही तिकडची मोठी एअरलाईन 2020 मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली आणि तिकडचे रूट एकदम कमी झाले.

वरच्या रूटमध्ये लंडन नाही हे बघितलंत? मुद्दाम. मूळ भाड्यावर टॅक्स आणि सरचार्ज वेगळे बसतात, आणि ते उड्डाणागणिक जमत जातात. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्युटी लागते, बिझनेसला ती इकॉनॉमीपेक्षा बरीच जास्त, लांबच्या उड्डाणाला दोनशे पौंडांच्या वर. लंडनला फक्त विमान बदलताय आणि चोवीस तासांच्या आत निघताय तर ती लागत नाही. सरचार्ज एअरलाईनप्रमाणे बदलतो, म्हणून तोच टप्पा दुसऱ्या एअरलाईनने टाकून एकूण रक्कम परत बघायची. कंटाळवाणं काम आहे पण तासाभरात चांगलीच रक्कम खाली येते, मी तर हे केल्याशिवाय कुणालाच तिकीट काढू देत नाही.

सीटचंही तेच. बिझनेस क्लास म्हणजे सगळीकडे बेड असं अजिबात नाही. युरोपातल्या छोट्या उड्डाणांत बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच सीट आणि मधली रिकामी, बस. उलट कतार एअरवेजची क्यूस्वीट, दार लावता येणारी, ती असलेलं विमान मिळालं तर रात्र सोन्याची. म्हणून फ्लाइट नंबरच्या पुढे विमान कुठलं आहे ते वाचायची सवय लावा, त्याच रूटवर सकाळचं विमान जुन्या सीटचं आणि रात्रीचं नव्या सीटचं असं सर्रास असतं. आणि रात्रीचं लांबचं उड्डाण बिझनेसला टाका म्हणजे हॉटेलची एक रात्रही वाचते, दिवसाच्या तीन तासांच्या उड्डाणात बेड असून करायचंय काय?

तारखांची काळजी मात्र उगाच करू नका. बुकिंग साधारण अकरा महिने आधीच उघडतं, त्यामुळे वर्षभराच्या प्रवासातल्या शेवटच्या तारखा सुरुवातीला मिळतच नाहीत, तिथे जवळची कुठलीही तारीख टाकून ठेवायची आणि पुढे बदलायची. तारीख बदलायला सहसा पैसे लागत नाहीत, शहर बदललं तर मात्र फी आणि नवे टॅक्स दोन्ही बसतात. फक्त ठरलेल्या बुकिंग क्लासमध्ये (एकाच केबिनच्या सीट एअरलाईन्स वेगवेगळ्या अक्षरांच्या गटांत विकतात, तो गट) सीट असायला हवी, वनवर्ल्ड बिझनेसला बहुतेक ठिकाणी तो डी असतो. विमानात बिझनेसच्या वीस सीट रिकाम्या दिसल्या तरी डी बंद असेल तर मिळणार नाही, म्हणून जिथे गर्दी असते ते टप्पे, विशेषतः पॅसिफिकचा, आधी पक्के करा आणि बाकीचे त्याच्याभोवती हलवा. ऑनलाइन टूलवर रूट जुळत नसेल तर फोन करा, अमेरिकन एअरलाईन्सचा तर यासाठी वेगळा डेस्क आहे.

पॉइंट्सवाल्यांसाठी एवढंच, की एएनए या जपानी एअरलाईनचं राउंड द वर्ल्ड अवॉर्ड, म्हणजे मैल देऊन मिळणारं तिकीट, जे वर्षानुवर्षं सगळ्यात भारी डील होतं, ते 2025 मध्ये बंद झालं. राहिलेल्या पर्यायांत सीट मिळवणं हेच खरं काम. पैसे देऊन काढलेल्या तिकिटावर मात्र उलटं आहे, तुम्हीच मैल कमावता, आणि ते कुठल्या प्रोग्रॅममध्ये टाकायचे ते पहिल्या उड्डाणाआधी ठरवून नंबर सगळ्या टप्प्यांवर टाकून घ्या. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसाची भानगड असते, तेवढं तिकिटाचे पैसे भरायच्या आधी बघा.