पाणी उतरलेल्या बागेत २०१८चं कार्ड

मी द्राक्षबागांचा सल्लागार. सकाळी सव्वासातला निफाडच्या एका बागायतदाराचा फोन. "सर, मिलीबग दिसतोय. तुमचं कार्ड आलंय, क्लोरपायरीफॉस २ मिली. आज मारून घेतो." मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, आणि कार्ड म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं माझ्या सल्ल्याचं चित्र. जानेवारीचा तिसरा आठवडा. त्यांच्या बागेत पाणी उतरून, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागून, आठ-दहा दिवस झालेले आणि माल एक्स्पोर्टचा. मी आधी एवढंच विचारलं, "बाटली फोडली का?" फोडली नव्हती, पण टाकीत पाणी भरून फवारणीचा ब्लोअर तयार होता. म्हटलं, बाटली तशीच ठेवा आणि ते कार्ड मला फॉरवर्ड करा. फोटो सेव्ह करून नव्याने पाठवू नका.

असं सांगण्याला कारण आहे. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही दोन बाणांची खूण टिकते, सेव्ह करून नव्याने टाकला की ती पुसली जाते. यावर दोन बाण होते. म्हणजे निदान पाच हातांतून गेलेलं.

कार्ड माझंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये केलेलं. तेव्हा खालच्या पट्टीत तारीख होती आणि 'गोडी छाटणीनंतर, मुंग्यांसाठी, फक्त खोडाजवळ ड्रेंचिंग' असं लिहिलं होतं. म्हणजे फळांसाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर औषध खोडाशी ओतायचं, फवारायचं नाही. मुंग्या मिलीबगची राखण करतात म्हणून मथळ्यात मोठ्या अक्षरांत 'मिलीबग'. कुणीतरी ती पट्टी कापून तिथे एका दुकानाचा नंबर चिकटवला होता. वरचा माझा फोटो, नाव आणि २ मिलीचा आकडा मात्र शाबूत. दुकानदारावर राग आला, पण कापता येईल अशा काठावर, सगळ्यांत बारीक टाइपात जी अट लिहिली होती ती मीच. ती गेल्यावर खोडाचं औषध घडाचं झालं.

त्यातून मधल्या काळात नियमही बदलले. क्लोरपायरीफॉसची मान्यता युरोपीय संघाने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि नोव्हेंबर २०२० पासून फळात राहणाऱ्या अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे एक टन द्राक्षांत १० मिलिग्रॅम. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष सापडून नाशिकचा माल युरोपात कसा अडकला ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मेसेज 'फेक' आहे असं जाहीर करून मोकळं होणं सोपं होतं. पण तो फेक नव्हता. फेक म्हटलं की लोक म्हणतात, फोटो तर सरांचाच आहे, आणि पुढच्या वेळी खऱ्या दुरुस्तीवरही विश्वास बसत नाही. फेसबुक पेजवरची मूळ पोस्ट डिलीट करायलाही हात गेला होता. थांबलो. मूळ गेलं तर फिरणाऱ्या कापलेल्या प्रती ताडून बघायला काहीच उरत नाही. आधी पोस्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेतला, मग जुन्या कार्डावर तिरपा लाल 'रद्द' शिक्का मारला, तोही बरोबर २ मिलीच्या आकड्यावर. कोपऱ्यातला शिक्का कापला जातो. आकड्यावरचा शिक्का कापायचा तर आकडाही जातो. शिक्क्याची प्रत पेजवर टाकल्यावरच जुनी काढली. त्याच विषयाचा यूट्यूबवरचा व्हिडिओ बदलता येत नाही, म्हणून शीर्षकाच्या सुरुवातीलाच '२०१८, आता लागू नाही' असं घातलं. शेवटी घातलं असतं तर मोबाईलवर दिसलंच नसतं.

दुरुस्तीचा मजकूर चार ओळींचा केला, कारण मेसेज लांबला की 'अधिक वाचा'मागे दडतो आणि बागेत उभा माणूस ते दाबत नाही. पहिली ओळ: पाणी उतरल्यावर क्लोरपायरीफॉस मारू नका. दुसरी: हे कार्ड माझंच, २०१८चं, खोडाजवळच्या ड्रेंचिंगचं. तिसरी: युरोपची मर्यादा. चौथी: मारलं असेल तर गटात लिहू नका, मला फोन करा. सोबत चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, त्यात सुरुवातीलाच आजची तारीख बोललो.

ब्रॉडकास्ट लिस्टने काम झालं नसतं. तिच्यात २५६ जणच बसतात आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. हे कार्ड नेमकं मला न ओळखणाऱ्यांकडे गेलेलं. आमचे नऊ गट होते, बाकी चौदा गटांच्या अ‍ॅडमिनना एकेक करून पाठवलं, तेही कॉपी करून. फॉरवर्ड करत गेलं की दोन बाण लागतात आणि मग मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पिंपळगावच्या अ‍ॅडमिनने स्वतःच्या गटातलं जुनं कार्ड डिलीटही केलं, अ‍ॅडमिनला तो अधिकार असतो. मी मात्र त्याला आधी दुरुस्ती टाकायला लावली.

चौथ्या ओळीवरून सल्लागारांच्या अभ्यासगटात जुंपली. एकाचं म्हणणं, कुणी मारलं ते गटातच विचारा, लवकर कळेल. पण शेतकऱ्यांच्या गटात निर्यातदारांची माणसंही असतात आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तिथे 'मी मारलं' लिहिणाऱ्याच्या मालाचा भाव तपासणीआधीच पडतो. त्याच वादात दुसऱ्याने उदाहरण म्हणून एका बागेचा अवशेष अहवाल टाकला, नाव आणि प्लॉटचा नोंदणी क्रमांक यांच्यासकट. त्याला फोन करून काढायला लावला. अभ्यासगटात केस टाकायची तर तालुका, वाण, छाटणीपासूनचे दिवस आणि आकडा एवढं पुरतं. बागेचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा नाही. साधा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप ठिकाणाची नोंद काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये ती तशीच जाते.

त्याच गटाने दिवसातली सगळ्यांत कामाची गोष्टही दिली. मी म्हणत होतो, यापुढे प्रत्येक कार्डावर मधोमध तारीख. सटाण्याचा सहकारी म्हणाला, "तुमच्या तारखेचं आम्ही काय करू?" बरोबर होतं. सटाण्याच्या बागलाण भागात अर्ली, म्हणजे लवकरची, छाटणी पावसाळ्यातच होते. निफाडला घड फुलोऱ्यात असतो तेव्हा त्यांचा काढणीला आलेला असतो. 'नोव्हेंबरचा सल्ला' दोन्हीकडे एक नाही. म्हणून आता आकड्याला चिकटून लिहितो: छाटणीनंतर इतके दिवस ते इतके दिवस, त्याखाली पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस), आणि मग तारीख.

दुपारी एका औषध कंपनीच्या माणसाचा फोन. दुरुस्तीत 'त्याऐवजी हे वापरा' म्हणून त्यांच्या औषधाचं नाव घालता का? नाही म्हटलं. त्यांच्या प्लॉटवरच्या चाचण्यांचे मी पैसे घेतो, तसं पेजवर लिहिलेलंही आहे. पण रद्द करायच्या मेसेजात नवीन नाव घातलं की लोक तो जाहिरात म्हणून वाचतात.

संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. त्यातल्या एकाने चार दिवसांपूर्वी फवारलं होतं. त्याला त्या प्लॉटचा माल वेगळा ठेवायला, निर्यातदाराला स्वतःहून सांगायला आणि नमुना प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं. अहवाल आला तो त्याचा आहे, इथे आकडा लिहीत नाही. निफाडच्या भाऊंनी बाटली दुकानात परत केली.

मार्चमध्ये तेच कार्ड सोलापूरकडच्या एका गटातून पुन्हा आलं. मधोमध लाल शिक्का, आणि खाली कुणाचा तरी प्रश्न: "मग आता काय मारू?"