तुम्ही विचारलंत म्हणून : शाळा बंद होत्या तेव्हा वस्तीत काय चालायचं?

पुण्यातल्या एका वस्तीत, समाजमंदिरात, रोज संध्याकाळी आम्ही मुलांचा वर्ग घेतो. मुलं तिसरी ते आठवीची, शिकवणारे ताई-दादा कॉलेजातले आणि त्यातले बरेचसे याच वस्तीत वाढलेले. वर्ग बघायला कोणी पाहुणे आले की चहा येईपर्यंत एक प्रश्न हमखास पडतो : ‘कोविडमध्ये ऑनलाइन कसं जमवलंत हो?’ दोन वाक्यांत सांगायला गेलं की भलताच समज होतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ऑनलाइन आम्ही फारसं काही केलंच नाही. सुरुवातीला तर शिकवणं हा विषयच नव्हता. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. आमच्या मुलांच्या आया धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, वडील बिगारी, रंगारी, रिक्षावाले. सोसायट्यांनी गेट लावून घेतली आणि घरात येणारा पैसा थांबला. काही घरांनी पगार चालू ठेवला. बाकीच्यांचं उत्तर ‘कामावर आलीस की बघू’. पुढे रुग्ण सापडायला लागले तशी बोळांच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले.

मदत येत नव्हती असं मुळीच नाही. कंपन्या, गणपती मंडळं, नगरसेवक, गुरुद्वारा, सगळेच धावले. पण टेम्पो उभा राहायचा मुख्य रस्त्यावर. रस्त्यालगतच्या घरांत तीन-तीन किट जायची आणि वरच्या अंगाच्या बोळांत एकही पोचायचं नाही. इथे कामाला आलं ते वर्गाचं हजेरीचं रजिस्टर. मूल दोन दिवस आलं नाही की घरी जाऊन यायचं, ही आमची जुनी पद्धत. त्यामुळे कोण कुठल्या बोळात राहतं, कोणाचे वडील अंथरुणाला खिळलेत, कोणाच्या घरी चूल एकटी आजी चालवते, हे ताई-दादांना तोंडपाठ होतं. सरकारचा मोफत तांदूळ कार्डावर मिळत होता, पण किती जणांची कार्डं गावाकडची, लातूर नाही तर कलबुर्गीची! मे महिन्यापासून केशरी कार्डावर ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ सुरू झाला; त्याचाही उपयोग कार्ड इथलं असेल तरच. अशा घरांची वेगळी यादी काढली आणि वाटणाऱ्या मंडळांच्या हातात दिली. फोटो काढायचा नाही, एवढी एकच अट घातली. एक मंडळ त्यावरून रुसलं, ते सोडा.

किटमध्ये कणीक, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ, चहा पावडर, साबण. एकदा आठवीतल्या एका मुलीनं पिशवी घेतली आणि दादाला म्हणाली, ‘ताईला फोन लाव ना.’ फोनवर बराच वेळ गप्प. मग हळूच, ‘ताई, शाळेतून पॅड मिळायचे.’ घरी सहा माणसं, एक खोली, सार्वजनिक संडास बोळाच्या टोकाला. याद्या करणाऱ्यांत पुरुषच जास्त, त्यामुळे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या वाटपात साबणाच्या जोडीला पॅड आले आणि मोठ्या मुली असलेल्या घरांत वाटपाला ताईच जाऊ लागल्या.

अभ्यासाचं बघायला जून उजाडला. राज्याच्या शिक्षण खात्याचा ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चांगलाच होता, रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा. पण आमच्याकडे घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि कामं सुरू झाल्यावर वडील रात्री आठला घरी. तोवर धाकट्याला झोप लागलेली. रिचार्ज संपला की तेही बंद. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मुलांच्या अभ्यासाची मालिका सुरू झाली. तिच्यात घरातल्या, आसपासच्या वस्तू घेऊन करायच्या कृती असायच्या आणि टीव्ही बहुतेक घरांत असल्यानं आम्हाला तिचा मोठा आधार झाला. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे लाउडस्पीकरवरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालली, सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. ज्यांना आपली मुलं कुठे राहतात ते ठाऊक होतं, त्यांनाच हे सुचलं.

आमचे दादा-ताई पुस्तकांच्या पिशव्या घेऊन ओट्यांवर बसायचे. चार-पाच मुलं, मास्क लावून, अंतर ठेवून. मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं. पुष्कळदा वाचन बाजूला राहायचं आणि बाबा आईला मारतात, ताईचं लग्न ठरवतायत, अशा गोष्टी निघायच्या. ‘१०९८’ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा नंबर आम्ही प्रत्येक पिशवीवर लिहून ठेवला होता. एक लग्न आम्ही आणि तिच्या मावशीनं मिळून लांबवलं. दुसरं नाही थांबलं. ती मुलगी गावी गेली ती गेलीच.

२०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा काम पुन्हा बदललं. आता किटपेक्षा कागद हवे होते. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्यानं ५ लाखांची ठेव जाहीर केली. आमच्या वस्तीत मात्र बहुतेक मुलांचे फक्त वडील गेलेले, म्हणजे ती त्यात बसेनात. मग अशा मुलांना दरमहा मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज, आणि वर्षाअखेरीस कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचा, तो तर ऑनलाइनच. मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, रिपोर्ट दवाखान्यातच राहिलेला, आणि बँक खातं गेलेल्या नवऱ्याच्या नावावर. कॉमर्सला असलेला आमचा एक दादा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचा आणि बायका रांगेनं कागद काढून द्यायच्या. ऑनलाइन म्हणून खरं काही केलं असेल तर ते हेच.

शहरात पहिली ते सातवीच्या मुलांना शाळेचं दार डिसेंबर २०२१ मध्ये उघडलं. तिसरीत वर्ग सोडलेली मुलं पाचवीत पोचली होती आणि जोडाक्षरापाशी अडत होती. देणगीदार तोवर ‘किती मुलांना लाभ झाला’चे तक्ते मागायला लागले होते. तक्ते भरून दिले. तिकडे ताई-दादांनी पाचवीच्या मुलांपुढे पहिलीची बालभारती ठेवली आणि मुलं चिडू नयेत म्हणून तिच्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.