पीएचडी चालू असतानाच एकदा दुसऱ्या लॅबमध्ये राहून या

राज्य विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलांना दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन दोन-तीन महिने काम शिकणं ही गोष्ट अजूनही आपली वाटत नाही, ते आयसर-एनसीबीएससारख्या केंद्राच्या संशोधन संस्थांतल्या मुलांचं असतं असंच डोक्यात असतं, आणि म्हणून विचारायलाच कोणी जात नाही. आमच्याकडे जास्तीत जास्त काय होतं, तर सॅम्पल कुरियर होतं. मुंबईच्या आयआयटीतल्या सैफला, म्हणजे बाहेरच्यांनाही मशिन्स वापरू देणाऱ्या केंद्राला, एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या इमेजेससाठी) सॅम्पल पाठवलं, पैसे भरले, इमेजेस मेलवर आल्या, थिसिसमध्ये लावल्या. यात वाईट काहीच नाही, सगळ्या मशिन्स सगळीकडे असू शकत नाहीत आणि अशा सोयी आहेत म्हणूनच आमच्यासारख्यांचे थिसिस पूर्ण होतात. पण सॅम्पल जाऊन येतं, आपण जागेवरच असतो. व्हायवाला एक्सटर्नलनं विचारलं की सॅम्पलवर कोटिंग कशाचं केलं होतं, तर मूल गाइडकडे बघतं. मला ते बघवत नाही हो.

मी स्वतः बेंगळुरूच्या एका फ्लाय लॅबमध्ये, म्हणजे फळमाश्यांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये, जाऊन आले, त्याबद्दल नीट लिहायचं खूप दिवस मनात होतं कारण डिपार्टमेंटमधली ज्युनियर मुलं सारखी विचारत असतात की मॅडम तिथे नेमकं करायचं काय असतं.

आधी माझं काम सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमचं झूलॉजी डिपार्टमेंट मराठवाड्यात, आजूबाजूला सगळा कपाशीचा पट्टा, त्यामुळे कपाशीवर मारायच्या एका औषधाचा अगदी बारीक डोस आतड्यातल्या स्टेम सेल्सचं, म्हणजे नवीन पेशी तयार करत राहणाऱ्या मूळ पेशींचं, काय करतो हा माझा विषय. त्यासाठी फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला. माशीच्या आतड्यात स्टेम सेल्स असतात हे 2006 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं आणि तेव्हापासून ते आतडं ही अभ्यासाची मोठी सोय झालीये. त्या पेशींत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन चालू करून त्या हिरव्या चमकवता येतात. यीस्टमधला गॅल4 नावाचा जीन माशीत घालून हव्या त्या पेशीत हवा तो जीन चालू करायची युक्ती ब्रँड आणि पेरिमॉन यांनी 1993 मध्ये छापली, आज जगातली जवळजवळ प्रत्येक फ्लाय लॅब त्यावर चालते. पुढे त्याला तापमानाचं बटण लागलं. यीस्टमधल्याच गॅल80 या प्रथिनाचं एक रूप असं आहे की 18 अंशांना ते गॅल4 ला दाबून धरतं आणि 29 ला सोडून देतं, म्हणजे माशी 18 ला वाढवायची, मोठी झाली की 29 ला ठेवायची, आणि त्या दिवसापासून पेशी हिरव्या दिसायला लागतात. कागदावर इतकं सोपं. पेपर वाचून मला हे सगळं पाठ होतं, पण आतडं अख्खं बाहेर काढता येत नव्हतं, आणि तेच शिकायला मी गेले.

आता आतडं काढणं. माशी सगळी मिळून तीन मिलिमीटरची आणि आतडं तिच्यापेक्षा लांब, आत वेटोळी घालून बसलेलं. मादी घेतात कारण तिचं आतडं मोठं असतं आणि स्टेम सेल्सही जास्त कामात असतात. मायक्रोस्कोपखाली थंडगार पीबीएसच्या (मिठाच्या द्रावणाच्या) थेंबात माशी धरायची, एका चिमट्यानं छाती, दुसऱ्यानं पोटाचं शेवटचं टोक, आणि हळू ओढायचं. प्रोटोकॉलमध्ये 'पुल जेंटली' एवढंच लिहिलेलं असतं. जेंटली म्हणजे किती? शिजलेल्या शेवईसारखं असतं ते, जरा जोर झाला की तुटलंच. मला शिकवणारी मुलगी मणिपूरची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षात, ती शेजारी बसायची आणि बोलायची फार कमी. तिनं एकच केलं, माझा मनगटाखालचा हात टेबलावर टेकवून दिला, कोपरही टेकव म्हणाली, आणि ओढायच्या आधी टोकाजवळची कातडी थोडी सैल करून घे म्हणाली. बास. त्यानंतर आतडं अख्खं यायला लागलं, पुढच्या क्रॉपपासून (अन्न साठवायच्या पिशवीपासून) मागच्या टोकापर्यंत. मग पुढच्या गोष्टी, की आतडं प्लास्टिकला चिकटतं म्हणून पिपेटची टिप आधी बीएसए या प्रथिनाच्या द्रावणात बुडवून घ्यायची, टिपेचं तोंड ब्लेडनं कापून मोठं करायचं, स्लाइडवर कव्हरस्लिपच्या दोन बाजूंना आधार द्यायचा नाहीतर आतडं चपटं होतं आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली पेशींचे थर एकमेकांवर दिसतात. यातलं एकही वाक्य मी वाचलेल्या कुठल्याच पेपरच्या मेथड्समध्ये नव्हतं. लपवतात म्हणून नाही, ज्यांच्या हातात बसलंय त्यांना ते लिहिण्यासारखं वाटतच नाही.

म्हणून माझं ठाम मत झालंय की पाच-सहा दिवसांच्या वर्कशॉपमध्ये हे होत नाही. वर्कशॉप चांगलं असतं, ओळखी होतात, सर्टिफिकेट मिळतं, पण तिथे सगळं आधीच मांडून ठेवलेलं असतं आणि तीस-तीस जणांत एक मायक्रोस्कोप फिरत असतो. हाताला सवय लागायला रोज तेच करावं लागतं, आणि बरोबर आपला स्वतःचा प्रश्न असावा लागतो. दुसऱ्याच्या सॅम्पलवर शिकलेलं महिन्याभरात विसरतं.

दुसरी गोष्ट माश्यांच्या स्वयंपाकघराची, आणि मला विचाराल तर ती मी जास्त मनापासून शिकले. तिथे माश्यांचं फूड करणाऱ्या अक्का होत्या, कन्नड आणि थोडं हिंदी, माझं हिंदीही मराठवाडी, पण आमचं छान जमलं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर, पाणी, हे मोठ्या भांड्यात शिजवायचं, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक ॲसिड आणि मिथाइल पॅराबेन घालायचं. ॲसिड उकळत्यात घातलं तर उडून जातं, म्हणून मिश्रण साठ अंशांच्या आसपास उतरल्यावर घालतात. अक्का थर्मामीटर लावायच्याच, पण त्याआधी पळी उचलून धार कशी पडते ते बघायच्या आणि त्यांचा अंदाज थर्मामीटरशी जुळायचा. ओतून झालं की व्हायल्सवर, म्हणजे माश्या ठेवायच्या छोट्या नळ्यांवर, रात्रभर मलमलचं कापड, कापूस लगेच नाही, कारण आत वाफ धरली की भिंतीला पाणी सुटतं आणि माश्या चिकटून मरतात. पावसाळी हवेत अगर किंचित वाढवायचं, फूड ओलं राहतं म्हणून. आमच्या डिपार्टमेंटला आधी व्हायल्समध्ये सारखी बुरशी यायची, आता येत नाही, आणि ते श्रेय सरळसरळ अक्कांचं आहे. माझ्या थिसिसच्या ॲक्नॉलेजमेंटमध्ये त्यांचं नाव प्रोफेसरांच्या बरोबरीनं असणार आहे.

बाकी लॅबचं वातावरण. प्रोफेसरांना सगळे नावानं हाक मारतात, मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी सरच म्हणत राहिले आणि कोणी काही म्हटलंही नाही. पण लॅब मीटिंग मात्र मला फार आवडली. आठवड्यातून एकदा एक जण काय चाललंय ते सांगतो, आणि न जमलेलंही दाखवतो, कंट्रोल बिघडलेल्या इमेजेससकट. पहिल्या वर्षाचा मुलगा प्रोफेसरांना म्हणतो की तुमचा हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि प्रोफेसर ऐकून घेतात, वहीत लिहून घेतात. आपल्याकडे सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट असतो, त्यात सगळं सुरळीत चाललंय असं लिहायचं असतं, त्यामुळे अडलंय ते कुणाला कळतच नाही. मी परत आल्यावर आमच्या मॅडमना विचारून दर शनिवारी आम्ही चार-पाच जण बसायला लागलो, चहा घेऊन, आणि अट एकच ठेवलीये की अडलेलं दाखवायचं.

माशीवाल्यांमध्ये ही देवाणघेवाण जुनीच आहे. कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्याचा नर सापडला, तेव्हापासून त्या गटानं मागेल त्याला माश्या पाठवायची पद्धत पाडली, 1934 मध्ये तर कुणाकडे काय आहे, काय जमलं हे कळवायला ब्रिजेस आणि डेमेरेक यांनी पत्रिकाच सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1962 साली मॉलेक्युलर बायॉलॉजीचं काम उभं करणारे ओबेद सिद्दीकी, ते मूळचे बॅक्टेरियावाले, आणि इथे नाव झाल्यानंतर कॅलटेकला सेमूर बेंझर यांच्या लॅबमध्ये जाऊन माश्यांवर काम करायला लागले. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा त्या दोघांचा पेपर 1976 चा. मग परत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर वास आणि चवीचे म्युटंट्स, आणि पुढे बेंगळुरूचं एनसीबीएस. म्हणजे प्रोफेसर झालेला माणूस दुसऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन नवीन शिकतो, तर आपण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी जायला का संकोचायचं?

आता पैशांचं, कारण खरी गाडी तिथेच अडते. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या मुलांना मिळणारी केंद्राची फेलोशिप, 2023 पासून महिन्याला 37,000 झालीये हे खरं, पण ती हातात कधी पडेल ते सांगता येत नाही, आणि तिकडे पीजीचं डिपॉझिट आणि भाडं आधी द्यावं लागतं, इकडची रूमही सोडता येत नाही कारण परत यायचंय. म्हणजे भाडं दोन्हीकडे. घरून मदत होऊ शकते त्यांचं निभतं, ज्यांची होऊ शकत नाही ती हुशार मुलं जातच नाहीत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या मते विद्यापीठांनी रिसर्च स्कॉलरसाठी एवढी एक रक्कम बाजूला ठेवायला हवी, एका कॉन्फरन्सच्या मंडपाच्या खर्चात दोन मुलं जाऊन येतील. तोवर बाहेरच्या योजना बघा. परदेशासाठी एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची सायंटिफिक एक्स्चेंज ग्रँट आहे, तीन महिन्यांपर्यंत, कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्सची ट्रॅव्हलिंग फेलोशिप आहे, ती तर खास दुसऱ्या लॅबला जाऊन काम करण्यासाठीच असते, आणि जास्त दिवसांसाठी फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरलची सहा ते नऊ महिन्यांची. अटी दरवर्षी नीट वाचून घ्या. एमएस्सीच्या मुलांनी आणि कॉलेजात शिकवणाऱ्यांनीही तिन्ही विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप सोडू नये. आणि देशातल्या देशात तर पुष्कळदा साधा, मुद्देसूद मेल पुरतो, मी काय करते, मला कुठे अडलंय, तुमच्या लॅबमधून मला नेमकी कुठली एक गोष्ट शिकायचीये. 'आय वॉन्ट टू वर्क इन युवर एस्टीम्ड लॅब' असले मेल त्यांना रोज येतात.

जाण्याआधी एक बोलणं आवर्जून करून घ्या, की तिथे जो डेटा निघेल तो कुणाचा, शिकवणाऱ्याचं नाव पेपरवर येणार का. माझ्या गाइड मॅडमनी हे आधीच फोनवर बोलून घेतलं होतं म्हणून मला तिथे मोकळेपणानं काम करता आलं. शिकवणारी मुलं स्वतःचं काम बाजूला ठेवून आपल्याला वेळ देतात, त्यांचंही सबमिशन जवळ आलेलं असतं, तर निदान व्हायल्स बदलणं, व्हर्जिन्स (नराशी अजून संबंध न आलेल्या, क्रॉससाठी लागणाऱ्या माद्या) गोळा करणं ही कामं आपण अंगावर घ्यावीत. व्हर्जिन मादी ओळखायची तर रंग फिकट आणि पोटातून एक काळसर ठिपका दिसतो. 25 अंशांना बाहेर आल्यावर साधारण आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ बाटल्या रिकाम्या कराव्या लागतात, रात्री 18 ला ठेवल्या की ही मुदत वाढते आणि झोप मिळते. हे काम मी तिथे भरपूर केलं आणि त्यातच गप्पा झाल्या, निम्मं शिक्षण त्या गप्पांत झालं.

आणि परत आल्यावर काय करायचं ते तिकडे गेल्यावर नाही, जाण्याआधी ठरवा. माझ्या प्रयोगाला दोन इन्क्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारी कपाटं, लागतात, 18 चा आणि 29 चा. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 असतं, लाइट जाते, आणि 18 चा इन्क्युबेटर दोन तास बंद राहिला की गॅल80 सुटतं आणि नको तेव्हा पेशी चमकायला लागतात, आठवड्यांचं काम वाया. शिवाय 30 अंशांच्या वर माश्यांचे नर वांझ होतात, स्टॉकच, म्हणजे जपून ठेवलेला माश्यांचा वाणच, संपतो. म्हणून मी तिकडे असतानाच मॅडमनी इन्क्युबेटरला वेगळा इन्व्हर्टर बसवून घेतला, आणि तो नसता तर माझं सगळं शिकणं वहीतच राहिलं असतं. माश्या मी एसी डब्यातून थर्माकोलच्या खोक्यात हातानं आणल्या, प्रत्येक स्टॉकचे दोन-दोन व्हायल्स, आणि आल्यावर दोन पिढ्या वेगळ्या ठेवल्या, माइट्स (बारीक कोळीकिडे) आले असतील तर बाकीच्यांना लागू नयेत म्हणून.

आता आमच्या एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मुलं कर्ली पंखांच्या माश्या स्वतः मोजतात, दोन ज्युनियर मुली आतडं माझ्यापेक्षा स्वच्छ काढतात, आणि त्यातली एक येत्या हिवाळ्यात पुण्याला एका लॅबमध्ये लाइव्ह इमेजिंग शिकायला चाललीये. आमच्याकडे कर्लीचा, टबीचा (जाड-बुटक्या अळ्यांचा) आणि दोन-तीन गॅल4 चे स्टॉक चांगले चाललेत, आसपासच्या कॉलेजांत कुणाला प्रॅक्टिकलसाठी हवे असतील तर इथे कळवा, व्हायल्स आम्ही देतो, फूड कसं करायचं तेही दाखवतो, फक्त न्यायला जूनमध्ये पाऊस पडल्यावर या, मेच्या उन्हात एसटीनं नेऊ नका.