आकड्यापुढचा शब्द

रविवार, रात्री साडेनऊ

उद्यापासून नर्सिंगच्या नव्या मुली औषधाच्या ट्रेला हात लावणार. खानापूर, निपाणी, चिकोडी, सीमेपलीकडून चंदगड, अशा सगळीकडच्या आहेत. रुग्ण योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, मार्ग योग्य, वेळ योग्य, नोंद योग्य: सगळं तोंडपाठ. पण पाठ असलेलं ऐनवेळी हाताला सुचेलच असं नाही, म्हणून उद्या काय काय दाखवायचं ते आज उतरवून ठेवते.

पहिलं इन्सुलिन. वॉर्डातली बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते, इन्सुलिन टोचायच्या पेनमधली कार्ट्रिज, म्हणजे आतली औषधाची नळी, १०० ची. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. रात्रीच्या दिव्यात लाल काय न् केशरी काय, दोन्ही सारखीच दिसतात. रंगावर जायचं नाही, सिरिंजच्या अंगावरचा आकडा वाचायचा आणि तो बाटलीवरच्या आकड्याशी जुळवायचा. समजा १० युनिट द्यायचेत. ४० च्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव मिली. त्याच रेघेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलं तर आत २५ युनिट गेले, म्हणजे अडीचपट. उलट केलं, ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये घेतलं, तर १० च्या रेघेवर जेमतेम ४ युनिट. पेन चालेना म्हणून कार्ट्रिजमध्येच सुई घालून औषध काढलं, की पहिली चूक घडते. ते कधीच करायचं नाही.

मला वाटतं, औषधाच्या निम्म्या चुका आकड्यात नसतात, आकड्यापुढच्या शब्दात असतात. केसपेपरवर युनिटऐवजी इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं, आणि ४ चे ४० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना ०.५ मधलं आधीचं शून्य सोडायचं नाही, आणि ५ लिहिताना पुढे दशांश देऊन शून्य जोडायचं नाही. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. विचारायला लाज कसली!

लहान मुलांच्या वॉर्डात हेच पॅरासिटामॉलचं. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळी १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली. ५ मिलीत २५० चं असेल तर ३ मिली. आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅम असणारे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. आई घरून बाटली घेऊन येते आणि "सहा मिली देते की रोज," म्हणते, तेव्हा आधी बाटली हातात घ्यायची. सहा मिली ड्रॉप्स म्हणजे ६०० मिलिग्रॅम. मापाला घरचा चमचा नको, सिरिंज किंवा खुणांचं टोपण हवं.

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवायचीच नाही. आत २० मिलीइक्विव्हॅलंट (हे पोटॅशियम मोजायचं माप) असतात, शिरेत थेट गेलं तर हृदय थांबतं. सलाईनमध्ये घालायच्या आधी रुग्णाला लघवी नीट होते का ते बघायचं. घालताना नळीचा क्लॅम्प (चिमटा) बंद, आणि नंतर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. नाहीतर औषध तोंडाशीच साचतं आणि सुरुवातीलाच सगळं आत जातं. थेंब मोजण्याआधी सेटचं, म्हणजे सलाईनच्या नळीचं, पाकीट वाचायचं. मिलीला २० थेंबांच्या सेटने ५०० मिली चार तासांत द्यायचं तर मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायचे.

आता आपल्या भागातली गोष्ट. एका वॉर्डात तीन-चार पाटील सहज असतात. "पाटील ना तुम्ही?" असं विचारलं की झोपेतला माणूसही 'व्हय' म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारायचं, कन्नड बोलणाऱ्यांना "निम्म हेसरेन्री?" म्हणायचं, आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. इन्सुलिनच्या आधी "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) हे विचारता आलंच पाहिजे. नुसत्या हो-नाहीवर भागत नाही, ताट समोर आलंय का ते डोळ्यांनी बघायचं. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. पण ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्याला नेहमीची मात्रा देऊन टाकायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी "कुठल्या औषधानं अंगावर गांध्या उठल्या होत्या का?" हे त्या माणसाच्या भाषेत विचारायचं. 'ॲलर्जी' म्हटलं की बरेच जण नुसती मान डोलावतात.

सही औषध दिल्यावर करायची, आधी करून ठेवायची नाही.

आणि दिल्यावर काम सुरू होतं, हे मुलींना पटवणं सगळ्यात अवघड. सकाळी साडेसातला दिलेल्या साध्या इन्सुलिनचा जोर साडेनऊ ते साडेअकरापर्यंत. नेमकी हीच राउंडची आणि धावपळीची वेळ. या दोन तासांत त्या खाटेपाशी पुन्हा जायचं. कपाळावर गार घाम, हात थरथरणं, विनाकारण चिडचिड, काहीतरी असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की लगेच बोटातून रक्तातली साखर तपासायची. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून थेंबही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज आणि डॉक्टरांना हाक.

ट्रेत ग्लुकोजचा डबा आणि चमचा ठेवायचा राहिलाय. सकाळी सातच्या आधी ठेवते.