टाचेपासून सुरू झालेली तपासणी

धाकट्या भावाला ३८व्या वर्षी अटॅक आला, तेव्हा सगळ्यांनी 'टेन्शन' म्हणून विषय मिटवला. शिडशिडीत, निर्व्यसनी माणूस. दुसरं कारण कुणाला सापडेना. स्टेंट बसला, घरी आला. फॉलोअपला मी सोबत होते. डॉक्टरांनी त्याला मोजे काढायला लावले आणि टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) चिमटीत धरून वर-खाली बोट फिरवलं. शीर गाठाळ लागत होती. तिथे कोलेस्टेरॉल साचलं होतं.

"वडील कशाने गेले?"
"हार्टनेच. ४४व्या वर्षी. मोठे काकाही तसेच."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही कधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, केलंय?"

केलं नव्हतं. माझं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, निघालं २३१, खूपच जास्त; ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी अगदी नॉर्मल. थायरॉइडमुळेही एलडीएल वाढतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घेतली, तेही ठीक. निदान झालं फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं जास्तीचं कोलेस्टेरॉल. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृतावर असतात. आमच्याकडे ते जन्मापासूनच कमी काम करतात. म्हणजे चाळिशीत सापडलं तरी धमन्यांत चाळीस वर्षं साचतच आलेलं. तूप सोडून ते आटोक्यात येत नाही. आईने त्या दिवसापासून माझ्या पोळीला तूप लावणं बंद केलं, ते वेगळं.

हा दोष आई-बापांपैकी एकात असला की प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची यादीच मागितली. औषध सुरू करणं सोपं होतं; खरं काम ही यादी. पुण्याचा चुलत भाऊ म्हणाला, "मी रोज सायकल चालवतो गं." काकू त्याहून स्पष्ट: "पोरीची स्थळं बघतोय. आता घराण्यात रोग आहे म्हणून बोभाटा करू नकोस." त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. आपल्याकडे पत्रिकेआधी अशा गोष्टी पोचतात.

मग मी आनुवंशिक, जनुक हे शब्दच टाळले. लॅबचा मुलगा घरी बोलावला, काकूंची शुगर आणि सोबत सगळ्यांचं लिपिड. काय तपासतोय ते सांगितलं, फक्त रोगाचं नाव घेतलं नाही. सायकलवाल्याचं एलडीएल २४४. चुलत बहिणीचं ९८, काकूंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

भावाच्या दहा वर्षांच्या लेकीचं १८४ आलं, तेव्हा मात्र वहिनी खूप रडली. एवढ्या लहान मुलीला रोज गोळी? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की या आजारात साधारण आठ ते दहा वर्षांपासून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देतात; अधूनमधून यकृताची तपासणी करतात आणि मुलांची वाढ बघतात. तिची गोळी आता सुरू आहे.

मी रोसुव्हास्टॅटिन (हेही एक स्टॅटिनच) आणि एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दोन गोळ्यांवर आहे, एलडीएल ८६. भावाला ५५च्या खाली आणायचंय, दोन्ही गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊनही तो ९०च्या वर अडकलाय. पीसीएसके९ (यकृतावरचे ते रिसेप्टर नष्ट करवणारं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनचं बोलणं चाललंय, पण खर्चाचा आकडा ऐकून तो विषय बदलतो.

नागपूरचा आत्येभाऊ अजून बाकी आहे. "उपाशीपोटी रक्त द्यायला जमत नाही" हे त्याचं नेहमीचं कारण. पहिल्या तपासणीला उपाशी राहायची गरज नसते, हे मी त्याला कळवलंय. गणपतीला येतोय, मोदक खा आणि हात पुढे कर, म्हटलंय.