लाल रेषेच्या खूप आधी

माझ्या मित्राने स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात सिलिंडर हेडचं, म्हणजे इंधन जळतं त्या सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं, तापमान दाखवणारं यंत्र आधीपासून होतं. तरी त्याने मला कामाला लावलं. "किती तापलंय ते मला दिसतं," तो म्हणाला. "किती वेगाने तापतंय, ते सांगणारं काहीतरी बनव."

मागणी रास्त होती. त्याच्या लायकमिंग इंजिनाच्या हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. पण ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमधला एखादा लालबुंद तुकडा इंधन पेटवू लागला, म्हणजे प्री-इग्निशन सुरू झालं, तर पिस्टनला भोक पडायला मिनिटभरही पुरतं. काटा लाल रेषेला टेकायची वाट बघणं परवडत नाही.

कागदावर गणित सोपं आहे. आताच्या तापमानातून मघाचं वजा करा, वेळेने भागा. प्रत्यक्षात के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड, सेल्सिअसच्या एका अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं, आणि शेजारीच मॅग्नेटो, म्हणजे प्लगसाठी वीज बनवणारी यंत्रं, हजारो व्होल्टच्या ठिणग्या पाडत असतात. माझी चिप पाव अंशापर्यंत मोजते. सेकंदाच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत नुसता तो पाव अंश लुकलुकला, तरी मिनिटाला १५ अंशांची वाढ दिसते! असा उगाच ओरडणारा गजर वैमानिक लवकरच बंद करून टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून मी शेवटच्या आठ सेकंदांतल्या सगळ्या नोंदींमधून एक सरळ रेषा बसवून तिचा चढ घेतला. सेकंद वाढवले की आकडा स्थिरावतो, पण गजर उशिरा वाजतो. आठ सेकंद ही मला पटलेली तडजोड. मर्यादा ठेवली सेकंदाला एक अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ०.५५ सेल्सिअस, तीही हेड १२० सेल्सिअसच्या वर गेल्यावरच लागू, कारण थंड इंजिन सुरू केलं की ते भराभर तापणारच. वायरिंगबाबत मात्र मी हट्टी होतो. थर्मोकपलची तार माझ्या चिपच्या खोक्यापर्यंत त्याच धातूंची हवी. इंजिनाजवळ मध्येच तांब्याचा जोड दिला, तर काऊलमधली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातली, हवा तापेल तसा तो जोडही तापतो आणि नसलेला बदल दाखवतो.

मग पूर्ण थ्रॉटलच्या जमिनीवरच्या चाचणीचा दिवस आला. विमान बांधलेलं, चाकांना अडण्या. मित्र थ्रॉटलवर, मी शेजारच्या आसनावर लॅपटॉप घेऊन. चारही हेड सेकंदाला ०.३ अंशांच्या आसपास चढत होते. अचानक तिसऱ्याचा आकडा ०.४, ०.५, आणि बझर वाजला. त्या क्षणी ते हेड होतं १७८ अंशांवर, म्हणजे लाल रेषेपासून ८२ अंश लांब.

मित्राने लगेच थ्रॉटल मागे घेतला. इंजिन बंद झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "काटा तर हिरव्यातच होता. सेन्सर गेला असेल का?"

शंका योग्यच होती, पण सैल तार उडी मारते. इथला चढ गुळगुळीत होता. शिवाय नोंदींत त्याहून बोलकी गोष्ट होती: तिसऱ्याचं हेड चढत असताना त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान उतरत होतं. ज्वलन वेळेआधी झालं की उष्णता पिस्टनमध्ये आणि भिंतींत शिरते, बाहेर पडणारा वायू त्या मानाने थंड असतो. ही जोडी दिसल्यावर मला फारशी शंका उरली नाही.

प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन प्लगांपैकी खालच्याच्या चिनी मातीच्या टोकाला तडा गेला होता, एक कपची अजून लटकत होती. तिची उष्णता पुढे जायला वाटच नव्हती, त्यामुळे ती लाल होऊन पेटवण्याचं काम करत होती. बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, आत घातला. पिस्टनचा माथा शाबूत. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही सर्किटने दिला नव्हता.

नवे प्लग घालून पुन्हा चाचणी केली, तेव्हा चारही हेड बरोबरीने चढले आणि बझर गप्प राहिला. मित्राला मर्यादा आणखी खाली आणायची होती. मी नकार दिला, कारण उड्डाणानंतरच्या चढाईत खोटे गजर नकोत. एक भर मात्र घातली. आता बझरबरोबर सिलिंडरचा क्रमांकही मोठ्या अंकात उजळतो.