पारचा पूल, खालून पाहिलेला

महाबळेश्वरातल्या दोन दिवसांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. प्रत्येक 'पॉइंट'वर आमच्या आधी शंभर माणसे कठड्याला टेकून उभी होती, एवढे सांगितले तरी पुरे. प्रतापगडावरही तीच गत झाली. वाहनतळापासूनच रांग लागलेली पाहून मी वैतागलो आणि गड अर्धामुर्धा पाहून खाली उतरलो. वाडा कुंभरोशीहून पार गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला मित्राने गाडी घातली, ती रामवरदायिनीच्या दर्शनासाठी. पारला कोयनेवर शिवकालीन पूल आहे, हे वाचलेले होते. परंतु तो पाहण्यासाठी म्हणून निघालो असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. दर्शन आटोपून सहज पुढे गाडी नेली आणि तो पूल ओलांडून गेलो, तरी आम्हां दोघांनाही त्याचा पत्ता लागला नाही. वरून तो गावाकडच्या कोणत्याही अरुंद रस्त्यासारखाच दिसतो. समोरून गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक आजी येत होत्या, त्यांना विचारले तेव्हा त्यांनी हनुवटीनेच मागे खूण केली.

"ह्यो काय, त्याच्यावरूनच आलासा की," त्या म्हणाल्या. किती जुना असेल, असे विचारल्यावर त्यांनी भारा जरा सावरला. "म्हाराजांचा हाय. माझी सासू लगीन हून आली तवा बी असाच व्हता."

इतिहासाच्या पुस्तकांतून पार भेटते ते बहुधा एकाच प्रसंगात. १६५९ साली अफझलखान वाईहून रडतोंडीचा घाट उतरून येथे आला, कोयनेच्या काठी त्याची छावणी पडली आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी पुढचे सारे घडले. या एका दिवसाच्या तेजात गावाचे बाकीचे महत्त्व झाकोळून जाते. पार ही घाटवाटेवरची मोक्याची जागा होती. कोकणात सावित्रीच्या काठी महाड आणि देशावर वाई, यांच्यामधली ये-जा पारघाटाने होत असे. मीठ, कापड, धान्य बैलांच्या पाठीवरून याच वाटेने चढे आणि उतरे. जावळीच्या मोऱ्यांचे बळ या वाटांवरच्या पकडीत होते, आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतल्यावर लगोलग मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड बांधवून घेतला, तोही याच वाटेवर नजर ठेवण्यासाठी. किल्ल्याचे बांधकाम सर्वांना दिसते. मात्र ज्या खोऱ्यात आषाढ-श्रावणात साधा ओढाही माणसाला अडवून धरतो, तेथे बारमाही ओलांडता येईल असा पूल नसेल, तर किल्ल्याची ती नजर चार महिने निरुपयोगीच म्हणायची. मला तरी हा पूल किल्ल्याच्या तोडीचा वाटतो. त्याच्यासाठी वाहनतळ नाही, हे एका परीने त्याचे भाग्यच आहे.

नोव्हेंबर संपत आला असल्यामुळे पाणी उतरले होते. काठाने घसरत, एकदा गुडघा सोलवटून घेत, मी पुलाखाली गेलो. पूल खालूनच पाहायला हवा. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे कमानीत पाचरींसारखे बसवलेले आहेत. वरून भार आला की ते सुटत नाहीत, एकमेकांना अधिकच आवळून धरतात, आणि तो सारा भार खांबांवाटे खडकात उतरतो. एका चिऱ्यावर छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट होते. त्यांवरून बोट फिरवत असतानाच वरून सिमेंटची पोती लादलेली एक जीप गेली. मी घाईने तळहात खांबाला टेकवला. आवाज आला, बारीकशी माती माझ्या मानेवर पडली, पण हाताला काहीही जाणवले नाही. बैलांच्या तांड्यांसाठी आणि घोड्यांसाठी घडवलेल्या कमानीने ती जीप अंगावरच घेतली नाही, असे वाटले.

तेथे उभे असताना महाडजवळचा सावित्रीवरचा पूल आठवल्याशिवाय राहिला नाही. तोही दगडी कमानींचाच, १९२८ साली बांधलेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. कोयना आणि सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरावरून निघतात, त्यामुळे तुलनेचा मोह होतो. ती तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, कारण सावित्रीचा पूल उगमापासून फार खाली, रुंद पात्रावर होता आणि राष्ट्रीय महामार्गाची अवजड वाहतूक वाहत होता. पारच्या पुलावरची मोठी रहदारी मात्र इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आंबेनळीतून गाडीरस्ता काढला तेव्हाच दुसरीकडे वळली. पारघाट ओस पडला, आणि पूल टिकण्यात त्या उपेक्षेचाही वाटा असावा. तरीही जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आंबेनळीचा रस्ता जागोजागी वाहून गेला, आणि हा पूल जागचा हलला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. कोणीतरी चिऱ्यांवर पांढऱ्या रंगाने आपले व आपल्या प्रियेचे नाव रंगवले आहे. ते निदान धुऊन तरी निघेल. परंतु कमानीच्या बगलेला, दोन दगडांच्या सांध्यात, वीतभर उंबर उगवला आहे. तीन पावसाळ्यांचा तरी असावा. पूर ज्या दगडांना हलवू शकला नाही, त्यांना हे मूळ सावकाश, कोणाच्या लक्षातही न येता, दूर सारील. मित्र वरून हाका मारत होता. मी एका दगडावर चढलो, खोड दोन्ही हातांनी धरले आणि जोर लावून ओढले. वरचा भाग पानांसकट हातात आला. मूळ सांध्यातच राहिले.